नानांचे फासे

१

आरशांच्या कारखान्यात खून करू नये. खून करणाऱ्याला स्वतःकडे चारी बाजूंनी बघावं लागतं, आणि सांडलेलं रक्त आहे त्याच्या दुप्पट दिसतं. पण खुनी माणसं जागेचा विचार करत नाहीत. तो नंतर पोलिसांना करावा लागतो.

कारखान्याचे मालक, ज्यांना झाडून सगळे नाना म्हणत, पॉलिशच्या खोलीत लाकडी खुर्चीला बांधलेले सापडले. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. चहावाल्या मावशी त्यांचा बिनसाखरेचा चहा घेऊन आत गेल्या, तर नानांचे दोन्ही हात समोरच्या टेबलाला पट्ट्याने आवळलेले, आणि बोटं मिळेल त्या दिशेला वळलेली. काच तोडायच्या पकडीने ती एकेक करून मोडली होती. पक्कड मात्र पुसून खिळ्याला टांगलेली होती. काम झालं की हत्यार जागच्या जागी, ही नानांचीच शिकवण. ती कोणीतरी फारच मनावर घेतली होती. गळा आरशाच्या तुकड्याने चिरला होता. तुकडा अजून तिथेच रुतलेला होता आणि त्यात वरचा पंखा फिरताना दिसत होता.

ओठ फाटलेले, तोंड रक्ताने भरलेलं, वरचा पुढचा एक दात नाही. झटापटीत एक मोठा आरसा खाली येऊन फुटला होता. त्याच्या काचांत नानांचे दोन फासे पडले होते. ते त्यांच्या खिशात कायम असत.

मावशींच्या हातून कप पडला आणि मग त्या ओरडल्या. सुट्टीतही चालू ठेवलेल्या घासायच्या मशीनवरून मिस्त्री धावत आला. ती मशीन चालू असली की शेजारी माणूस मेला तरी कळत नाही, असं कारखान्यात गमतीने म्हणत. त्या दिवसापासून म्हणेनासे झाले. गोदामातून नानांचा धाकटा मुलगा आला. मागच्या घरातून थोरल्या मुलाची विधवा बायको, म्हणजे नानांची सून, लेकीला भरवता भरवता उष्ट्या हाताने आली. शेवटी फाटकातून जावई धावत आला, एक हात पँटच्या खिशात घातलेला. दारात थबकला, "नाना" म्हणाला, आणि काचांवरून घसरत जाऊन सासऱ्यांच्या पायांशी कोसळला. त्याला उठवलं तेव्हा त्याच्या डाव्या तळहातातून रक्ताची धार लागली होती. मावशींनी टेबल पुसायचं फडकं त्याला करकचून बांधलं. सगळ्यांना वाटलं, एवढं प्रेम होतं तर. कधी दिसलं नाही.

दिवस मावळायच्या आत खुनी सापडला. खुनी म्हणे घरची सून होती.

२

नानांना पासवर्डचं वेड होतं, आणि वेडाला कारण होतं. त्यांचा पहिला पासवर्ड म्हणजे त्यांची जन्मतारीख. ती निम्म्या गावाला पाठ, कारण नाना वाढदिवस विसरू देत नसत. एक दिवस कोणीतरी कारखान्याच्या ऑनलाइन खात्यात शिरलं आणि मालकाच्या फोटोच्या जागी गाढवाचा फोटो लावून गेलं. नानांना त्याचं दुःख नव्हतं. आठ दिवस एकाही गिऱ्हाइकाला फरक जाणवला नाही, याचं होतं.

तेव्हापासून नानांनी माणसाच्या डोक्यावरचा विश्वास काढून घेतला आणि फाशांवर ठेवला. ऑफिसच्या भिंतीवर त्यांनी एक तक्ता लावला: सहा ओळी, सहा घरं. इंग्रजीची सव्वीस अक्षरं आणि दहा आकडे मिळून छत्तीस घरं बरोबर भरतात. एक फासा ओळ सांगतो, दुसरा घर सांगतो. असं वीस वेळा टाकायचं, वीस अक्षरं कागदावर उतरवायची, पाढ्यांसारखी घोकायची आणि कागद जाळायचा. अक्षर आवडलं नाही म्हणून फासा पुन्हा टाकायचा नाही. "पडलं ते पडलं," नाना म्हणत. "डोकं लबाड असतं. ते बायकोचं नाव घेतं, कुत्र्याचं नाव घेतं. फाशाला ना बायको ना कुत्रा."

दर महिन्याला नवा पासवर्ड. तो दोघांनाच ठाऊक असे: नानांना, आणि ऑफिस सांभाळणाऱ्या सुनेला.

त्याच खात्यात कारखान्याच्या वारसांची नोंद होती. सून, धाकटा आणि जावयाला दिलेली लेक, तिघांचा सारखा वाटा. खुनाच्या दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, कोणीतरी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून खरा पासवर्ड घालून खातं उघडलं होतं, दोन नावं खोडून एकट्या सुनेचं नाव ठेवलं होतं आणि पासवर्ड बदलून टाकला होता. नवा पासवर्ड छापलेली चिठ्ठी सुनेच्या टेबलाच्या खणात मिळाली. धाकट्यालाच मिळाली. त्याने ती वाचली आणि वहिनीच्या तोंडावर गुद्दा मारला. ती कपाटावर आपटली. दुसरा गुद्दा मारण्याआधी त्याला दोन शिपायांनी धरलं. त्यातल्या एकाच्या नाकातून पुढे तासभर रक्त येत होतं.

चिठ्ठी इन्स्पेक्टरबाईंच्या टेबलावर आली.

kp9jm0ulh7on8kip6jyl

"वीस अक्षरं," हवालदार म्हणाले. "नानांच्याच पद्धतीचा. म्हातारा कधी मारायचा हेसुद्धा तिने फासे टाकूनच ठरवलं असेल."

इन्स्पेक्टरबाई हसल्या नाहीत. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एक गोष्ट कळली होती: पुरावा खणात सापडला की तो कोणी ठेवला हे विचारायचं, आणि डोक्यात सापडला की कोणी घातला हे विचारायचं.

"सकाळी तिला कोर्टात उभी करायचीय," हवालदारांनी आठवण करून दिली. "साहेबांचा फोन येऊन गेला."

"येऊ दे," बाई म्हणाल्या, आणि कोठडीकडे निघाल्या.

३

सून कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. खालचा ओठ सुजून पुढे आला होता, एक डोळा मिटला होता. शेजारी पाण्याचा ग्लास तसाच.

"दुखतंय?" बाईंनी विचारलं.

"बोलताना दुखतं. आमच्या घरात बायकांनी बोललं की दुखतंच."

"मग कमी बोला. पण खरं बोला. जुना पासवर्ड सांगा."

तिने डोळा मिटला आणि शाळेतल्या मुलीसारखी, मान हलवत, एका सुरात म्हणून दाखवला: "टी चार बी बी नऊ, के एक डब्ल्यू क्यू सात, ई शून्य एक्स एक्स तीन, एम डी ए पाच एच."

बाईंनी तो लिहून घेतला.

t4bb9k1wq7e0xx3mda5h

"नानांबरोबर फेऱ्या मारत पाठ केलाय. ते पुढे, मी मागे. लोकांना वाटायचं सासरा-सून जप करतायत."

"हे तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून तुम्ही इथे आहात."

"मला माहीत होतं, मॅडम. मग मी त्यांची बोटं कशाला मोडू?"

हा प्रश्न बाईंनी स्वतः दुपारीच साहेबांना विचारला होता. साहेब म्हणाले होते, बायकांचा राग तुम्हाला माहीत नाही. बाईंना तो चांगलाच माहीत होता. तो दाबूनच त्यांनी फोन ठेवला होता.

त्यांनी चिठ्ठी गजांतून पुढे धरली. "हा?"

सुनेने एका डोळ्याने पाहिलं. बराच वेळ.

"हा मी केलेला नाही. फाशांनीही केलेला नाही."

"कशावरून?"

"ते सांगता येत नाही. गेल्या तीन वर्षांत इतके पासवर्ड घोकलेत की जीभ सांगते. फाशांचा पासवर्ड ओबडधोबड असतो, घशात अडकतो. हा सरळ जातोय." ती थांबली. मग म्हणाली, "माझी छकुली कुठे आहे?"

"आत्याकडे. जावईबापू घेऊन गेले. म्हणाले, आता तिला आम्हीच बघणार."

सून उठून उभी राहिली. तेवढ्यानेही ओठ पुन्हा फाटला. "मॅडम, नानांची बोटं ज्याने मोडली, तो त्या तिघांपैकीच आहे. मिस्त्री, भाऊजी नाहीतर जावई. सुट्टीत आवारात दुसरं कोणी पुरुषमाणूस नसतं. आणि त्यांतल्या दोघांच्या मध्ये माझी पोर बसून जेवतेय."

४

तिन्ही जबान्या त्याच संध्याकाळी झाल्या. हवालदार कॉम्प्युटरवर उतरवून घेत होते. ते एकाच बोटाने टाइप करत. बोट घारीसारखं कीबोर्डवर घिरट्या घाले, अक्षर दिसलं की झडप घाले, आणि पुढचं अक्षर नेमकं दुसऱ्या टोकाला निघे.

मिस्त्री आधी आला. मानेचा पत्ता नसलेला, दारातून तिरपा शिरणारा माणूस. डाव्या अंगठ्याला मळकी पट्टी.

"काचेने?" बाईंनी विचारलं.

"परवाची आहे. आमच्याकडे बोटाला पट्टी नसेल त्याला गिऱ्हाईक मालक समजतं."

"नानांना तुम्ही काल मारलंत."

"मारलं. खुनाच्या आदल्या दिवशी. एक ठोसा. वरचा दात पडला, तो मी उचलून त्यांच्या हातात दिला. कबूल."

"कारण?"

"हजेरीची मशीन. बाई, सकाळी आठला कारखान्यात शिरायला ज्याची त्याची वेगळी वीस अक्षरं. एक चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. मी एक बोटवाला माणूस. अर्धा दिवस दारातच जायचा. म्हटलं, नाना, मला चार अक्षरं द्या. म्हणाले, पडलं ते पडलं. मग मी त्यांचा दात पाडला आणि म्हटलं, हेही पडलं."

हवालदार टाइप करायचे थांबले. खांदे हलत होते.

"त्यांनी तुम्हाला काढलं नाही?"

"ते हसले हो. रक्ताने भरलेल्या तोंडाने हसले. म्हणाले, ठोसा चांगला आहे, पासवर्ड कच्चा आहे." मिस्त्रीने खाली पाहिलं. "दात पाडणं हा राग झाला, बाई. बोटं मोडणं हा हिशेब झाला. मला हिशेब येत नाही."

धाकटा आला तो खुर्ची उलटी फिरवून बसला. जिममध्ये कमावलेले दंड, डाव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी. सकाळी पेटी उघडताना काच लागली म्हणे. पेटी फोडलेली गोदामात होती, तिच्यावर रक्तही होतं.

"वहिनीला मारलंत ते?"

"चुकलं. पण फार नाही चुकलं. माझ्या बापाची दहा बोटं मोडली तिने."

"तुम्ही पाहिलंत?"

"चिठ्ठी पाहिली." त्याने मूठ टेबलावर आपटली. पेनं उडाली. "मॅडम, मला लिहितावाचता येतं तेवढं येतं. कॉम्प्युटर माझ्या डोक्यावरून जातो. मी फोनवरसुद्धा बोलून पाठवतो. मी खात्यात शिरून काय, दिवे लावणार होतो?"

तिसरा जावई. तो घरजावई होता, म्हणजे नानांच्या घरात राहत होता, नानांच्या ताटात जेवत होता आणि नानांचे आरसे विकत होता. काचेला मात्र कधी हात लावत नसे. कपडे इस्त्रीचे, डाव्या पंजाला मनगटापर्यंत पांढरीशुभ्र पट्टी. बसण्याआधी त्याने हवालदारांकडे दयेने पाहिलं.

"हवालदारसाहेब, रागावू नका. तुमची बोटं रस्त्यावर वाढलीयत. मी लग्नाआधी कोर्टात टंकलेखक होतो. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं, प्रत्येक बोटाला आपलं घर असतं. डाव्या हाताने डाव्या अंगणात खेळायचं, उजव्याने उजव्या. आपलं घर सोडून दुसऱ्याच्या घरात जायचं नाही."

"हे तुम्ही सासऱ्यांच्या घरी राहून म्हणताय," हवालदार म्हणाले.

जावई हसला, पण उशिरा. मग त्याने रुमाल काढून डोळे टिपले. "वहिनींनी असं करावं... नाना रोज त्यांना घेऊन ती अक्षरं घोकायचे. आम्ही खोलीत गेलो की गप्प. आम्ही परके. आणि आता बघा, खून करणाऱ्याला वारसा मिळत नाही म्हणतात. त्यांचा हिस्साही गेला. आम्हाला नकोय हो तो. पण कायद्यापुढे कोणाचं चालतं?"

"कोणाचंच नाही," बाई म्हणाल्या. "हाताला फार लागलंय?"

"त्यांना मिठी मारायला गेलो आणि काचांवर पडलो. सगळ्यांनी पाहिलंय." त्याने पट्टी छातीशी धरली. "नानांची शेवटची आठवण."



५

साहेबांचा दुसरा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज जेवून उठलेल्या माणसाचा होता. सुनेचे कागद तयार ठेवा. आणि एखादा साथीदार दाखवायचा असेल तर तो मिस्त्री दाखवा. त्याचं तोंडच तसं आहे.

"नानांच्या तोंडातलं रक्त तपासायला पाठवलंय, साहेब. ते त्यांचंच आहे का..."

"त्याला महिने लागतात. तोवर थांबणार का? गळा कापलाय, रक्त त्याचंच असणार."

बाईंनी फोन ठेवला. तेवढ्यात कोठडीच्या बाजूने धपाधप आवाज आले. साहेबांचा फोन शिपायांनी बाहेरच्या बाहेर ऐकला होता आणि जबानीनंतर थांबवून ठेवलेल्या मिस्त्रीला दोघांनी उत्साहाने भिंतीशी घेतलं होतं. बाई पोचल्या तेव्हा एक शिपाई जमिनीवर पोट धरून बसला होता आणि दुसऱ्याची काठी मिस्त्रीच्या डोक्यावर मोडली होती. मिस्त्रीच्या कपाळावरून रक्ताचा ओघळ नाकापर्यंत आला होता.

"काठी सरकारी होती," तो म्हणाला. "भरपाई माझ्याकडून घेणार का?"

बाईंनी सगळ्यांना पांगवलं आणि आत येऊन खुर्चीत बसल्या. सकाळ जवळ येत होती, आणि तिच्याबरोबर कोर्ट. त्यांनी चिठ्ठी हवालदारांपुढे टाकली.

"हा नवा पासवर्ड अहवालात उतरवा. आणि जुना पण."

हवालदारांनी सुस्कारा टाकला. आधी जुना घेतला. बोट डावीकडे गेलं, वर गेलं, उजवीकडे गेलं, परत आलं. एकदा तर त्यांनी एक्स शोधायला चष्मा काढून पुसला. मग नवा घेतला. टकटक, टकटक. चहाचा घोट घ्यायच्या आत झालासुद्धा.

"काय हो, आज एकदम वेग?"

"नाही बाई. याची सगळी अक्षरं इकडेच आहेत. शोधायला लांब जावं लागत नाही."

बाई उठल्या. हवालदारांच्या खांद्यावरून वाकून त्यांनी कीबोर्डच्या बरोबर मध्यावर पट्टी उभी ठेवली आणि चिठ्ठीतलं एकेक अक्षर बोटाने दाखवत गेल्या. के उजवीकडे. पी उजवीकडे. नऊ, जे, एम, शून्य. वीसच्या वीस अक्षरं पट्टीच्या उजवीकडे. डावा अर्धा भाग कोरा.

"फाशाला डावं-उजवं कळत नाही," त्या हळू म्हणाल्या. "वीस वेळा टाकून तो एकदाही डावीकडे गेला नाही, असं होणं म्हणजे पंचवीस वर्षांच्या नोकरीत तुमची एकदाही चहाची वेळ चुकली नाही, तसं."

"ती चुकलेली नाही, बाई."

"बरं, उदाहरण चुकलं. पण हा फाशांचा नाही. कोणीतरी कीबोर्डवर मन मानेल तशी बोटं आपटलीयत. आणि एकाच हाताची. डावा हात कामातून गेला होता."

हवालदारांचे डोळे चमकले. "म्हणजे मिस्त्री. नाहीतर धाकटा. दोघांचे डावे हात आधीपासून बांधलेले. जावयाचा तर नंतर, सगळ्यांसमोर कापला. आणि सुनेचे दोन्ही हात धड आहेत." ते उठलेच. "दोघांना घेतो आत. कोण बोलतो बघू."

"बसा," बाई म्हणाल्या. "त्या दोघांपैकी कोणीच नाही."

६

सकाळी कोर्टाची गाडी दारात लागली होती. बाईंनी तिला थांबायला सांगितलं आणि तिघांना आपल्या खोलीत बोलावलं. सुनेलाही आणून भिंतीशी उभं केलं. धाकट्याने तिच्याकडे पाठ केली.

"एक छोटंसं काम आहे," बाई म्हणाल्या. "आमच्या स्टेशनचा पासवर्ड पोलीस एक-दोन-तीन आहे. तो कॉम्प्युटरवरच चिकटवून ठेवलाय, म्हणजे चोराला विचारायची लाज वाटू नये. साहेब रागावलेत. तुम्ही नानांच्या घरातली माणसं. प्रत्येकाने न बघता, न विचार करता वीस अक्षरं ठोका. आवडेल तो ठेवते."

"हा काय पोरखेळ," धाकटा म्हणाला.

"तुमच्यापासून सुरुवात."

धाकट्याने एका बोटाने कीबोर्ड बडवला. बोट उजवीकडून डावीकडे, वरून खाली, माशी मारत असल्यासारखं. मग मिस्त्री बसला. कपाळाला पट्टी, अंगठ्याला पट्टी. त्याचंही एकच बोट, पण ते एका टोकाला एकदा बसलं की दुसऱ्या टोकालाही जाई, जणू सगळ्यांशी सारखं वागायचं ठरवलंय.

जावई शेवटी बसला. पाठ ताठ केली, बांधलेला डावा हात मांडीवर ठेवला, डोळे मिटले. उजव्या हाताची बोटं पावसासारखी पडली. डोळे उघडून तो हवालदारांकडे बघत म्हणाला, "याला म्हणतात टायपिंग."

बाईंनी तिन्ही कागद छापून टेबलावर मांडले. शेजारी चिठ्ठी ठेवली.

"एका बोटाने टाइप करणाऱ्याला घर नसतं," त्या म्हणाल्या. "डावा हात बांधलेला असो की मोडलेला, उरलेलं एक बोट सगळ्या कीबोर्डभर हिंडतं. हे दोन कागद बघा, सगळीकडची अक्षरं आहेत. पण शिकलेल्या हाताला घर असतं. डावा हात गेला तरी उजवा त्याच्या अंगणात पाऊल टाकत नाही. तुमच्या कागदावर डावीकडचं एक अक्षर नाही, जावईबापू. या चिठ्ठीवरही नाही."

जावयाने कागदांकडे पाहिलं. "योगायोग आहे. आणि माझा हात दुखतोय म्हणून मी उजव्याने टाइप केलं."

"बरोबर. त्या दुपारीही दुखत होता."

"त्या दुपारी नंतर कापला. मावशींनी बांधला. कोणालाही विचारा."

"विचारलं. हवालदार, मावशींची जबानी."

हवालदारांनी वाचलं: "जावईबापू फाटकातून खिशात हात घालून धावत आले."

"खिशात हात घालून माणूस चालतो, उभा राहतो, सासऱ्याच्या जिवावर जगतो," बाई म्हणाल्या. "धावत नाही. धावायला दोन्ही हात लागतात. तुम्ही पासवर्ड मिळेपर्यंत नानांची बोटं मोडलीत. मिळाल्यावर तोंड डाव्या हाताने दाबून गळा कापलात. आणि नानांनी तुमचा हात चावला. मग रुमाल गुंडाळून तुम्ही एकट्या उजव्या हाताने वहिनीच्या नावे सगळं केलंत, म्हणजे खुनी ठरली की तिचाही हिस्सा सुटेल. पासवर्ड बदललात, कारण हावरट बाई तो बदलेल असं तुम्हाला वाटलं. चावा लपवायला काचांवर पडलात. फार हुशारीचं होतं. फक्त फासे टाकायचा कंटाळा केलात."

टेबलावर कागद खोचायचा लोखंडी खिळा होता. जावयाने तो कधी उचलला हे कोणाला दिसलं नाही. तो बाईंच्या गळ्याकडे झेपावला. हवालदार मध्ये आले. खिळा त्यांच्या दंडातून आरपार गेला आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही हात एकदम वापरले. खुर्ची उलटली. जावई हात सोडवून सुनेकडे वळला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं, आणि तिथे मिस्त्री उभा होता.

एकच ठोसा. जावई भिंतीवर आपटून खाली बसला. त्याने तळहातावर काहीतरी थुंकलं. वरचा पुढचा दात होता.

"एका आठवड्यात दुसरा," मिस्त्री म्हणाला. "पहिल्याचं मला वाईट वाटलं होतं."

धाकट्याने जावयाच्या छातीवर गुडघा रोवला आणि पट्टी दातांनी फाडली. तळहातावर काचेच्या चिरा होत्या, ताज्या आणि लांब. पण काचांवर पडणारा माणूस तळहातावर पडतो. हात उलटा केला तर करंगळीखालच्या कडेला, मागच्या बाजूला, काळीनिळी अर्धी कमान उमटलेली होती. दातांची. कमानीच्या मध्ये एक जागा मोकळी होती, जिथला दात आदल्या दिवशीच मिस्त्रीने पाडून नानांच्या हातात दिला होता.

धाकटा त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिला. मग त्याने जावयाला मारायला सुरुवात केली, आणि बाईंनी त्याला थांबवायला जरा वेळ लावला.

७

कोर्टाची गाडी रिकामी जाऊ नये म्हणून तीत जावयाला घातलं. साहेबांनी फोन करून सांगितलं की त्यांना पहिल्यापासून संशय होताच.

धाकटा दारात उभा होता. सून पायऱ्या उतरत होती.

"वहिनी," तो म्हणाला. "मलाही एक मारा."

"माझा हात दुखेल," ती म्हणाली. "छकुलीला घेऊन या. आत्याला एकटीला सोडू नका. तिने काय केलंय."

काही दिवसांनी इन्स्पेक्टरबाई कारखान्यात गेल्या. फासे परत करायचे होते. कोर्टाला त्यांची गरज उरली नव्हती. कोणीतरी ते धुतले होते, पण एकाच्या खाचांत तांबूस काहीतरी राहिलंच होतं. पॉलिशची खोली बंद होती. घासायची मशीन चालू होती, आणि मिस्त्री मधून मधून ती बंद करून कानोसा घेई, मग पुन्हा सुरू करी.

ऑफिसात सून तक्त्यापुढे बसली होती. ओठावर काळी खपली. शेजारी छकुली पेन्सिल घेऊन.

"खात्याला नवा पासवर्ड हवाय," सून म्हणाली. "तो जुना जिभेवर येतो सारखा."

तिने फासे हातात घेतले. जरा वेळ नुसतेच धरून ठेवले. मग टाकले. छकुलीने तक्त्यात बोट फिरवून अक्षर शोधलं आणि लिहिलं. पुन्हा टाकले. पुन्हा. मग एकदा पडलं तेच लागोपाठ दुसऱ्यांदा पडलं, आणि तिसऱ्यांदाही.

"आई, हे चुकीचं आहे. एकच अक्षर तीनदा आलं. परत टाक."

सुनेने फाशांकडे पाहिलं. खाचेतला तांबूस ठिपका वर आला होता.

"लिही," ती म्हणाली. "पडलं ते पडलं."